सॅनिटायझर घरी बनवायचं का? आणि नणंदेचे एन९५ मास्क धुवायचे कसे?

वरणफळं | २१ एप्रिल २०२०, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या सदरात पडला असेल तर हलवा.

आम्ही भांडुपला राहतो, दोन खोल्या आणि माणसं पाच. नवरा बँकेत आहे, एक दिवसाआड ब्रँचला जावं लागतं, ट्रेन बंद त्यामुळे बेस्टने. नणंद नर्स आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. कोविड वॉर्ड नाहीये तिचा पण खोकला-ताप घेऊन आलेले पेशंट आधी त्यांच्याकडेच येतात. तिला एन९५ मोजून मिळतात, मागच्या आठवड्यात दोन दिले आणि सांगितलं पुरवून वापरा. पुरवून म्हणजे नक्की काय ते कोणी सांगितलं नाही. तिने परवा ड्युटीवरून आल्यावर एक मास्क सरळ साबणाच्या पाण्यात बुडवला, घासला, दोरीवर टाकला. वाळला पण नाकाजवळ मऊ पडलाय, फुगा आलाय. ती म्हणते चालेल, मला धडधड होतेय.

दुसरं सॅनिटायझर. सरकारने मार्चमध्ये २०० मिलीला १०० रुपये असा भाव बांधला खरा पण मेडिकलवाल्याकडे बाटलीच नाही तर भाव काय करायचाय. एकदा मिळाली ती कुठल्या तरी नाव नसलेल्या कंपनीची, लेबलवर अल्कोहोल किती ते पण नाही, हाताला चिकट लागते गुळाच्या पाकासारखी. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन कृती येतेय, एकात व्होडका आणि कोरफड, एकात स्पिरिट आणि ग्लिसरीन, एकात तुरटी आणि कडुलिंबाचा पाला उकळून. माझ्या मामेभावाचं लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पाच लिटरचा कॅन पडून आहे, तो म्हणतो ताई कॅनच घेऊन जा. आणू का? की हे सगळं उद्योग करायचेच नाहीत?

---

फोडणीचा_भात | २१ एप्रिल, रात्री ११.३२

घरात नळाला पाणी आणि साबण आहे ना? मग घरात बसलेल्यांना सॅनिटायझर कशाला? २० सेकंद हात धुवा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, विषय संपला. पाच रुपयांची वडी पण चालते. आमच्याकडे सासूबाई कोथिंबिरीवर सॅनिटायझर मारत होत्या, पकडलं परवा.

सॅनिटायझर फक्त नवऱ्याला बसमध्ये आणि नणंदेला. म्हणजे गरज किती, महिन्याला अर्धा लिटर. पाच लिटर नाही.

---

रसायनकाका | २२ एप्रिल, सकाळी ६.४८

वरणफळं ताई, तीस वर्षं औषध कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये काढली, आता मुलुंडला रिटायर होऊन बसलोय, त्यामुळे थोडं लांब लिहितो, वाचा.

आधी व्होडका. आपल्याकडे बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं बघा. हातावरचा विषाणू मारायला कमीत कमी ६० टक्के लागतं. त्यात दोन भागाला एक भाग कोरफड घातली की उरतं २८-२९ टक्के. म्हणजे हातही ओला, व्होडकाही गेली, तीही दुकानं बंद असताना. चांगलं ७० टक्क्यांचं स्पिरिट घेऊन त्यात याच मापाने कोरफड घातली तरी ४७ च्या आसपास येतं, नापासच. शिवाय कुंडीतल्या कोरफडीचा गर चार दिवसात बुरशी धरतो. कोरफड केसांना लावा.

आता आयसोप्रोपिलबद्दल. मामेभावाचा कॅन कामाचा आहे पण आधी लेबल वाचायला सांगा. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के किंवा ९९.८ असं स्वच्छ लिहिलेलं पाहिजे. थिनर, पीसीबी क्लीनर, मिक्स सॉल्व्हंट असलं काही असेल किंवा लेबल फाटलेलं असेल तर हात लावू नका. का, तर स्वस्त सॉल्व्हंटमध्ये मिथेनॉल असू शकतं आणि ते कातडीतून पण आत जातं. मुंबईकराला मिथेनॉल वेगळं समजावून सांगायला नको, २०१५ च्या जूनमध्ये मालाडला मालवणीत शंभराच्या वर माणसं गेली ती याच्यामुळेच. वासावरून ओळखता येत नाही, मला पण येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची कृती आहे, दहा लिटरची. ७५१५ मिली आयसोप्रोपिल, ४१७ मिली ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १४५ मिली ग्लिसरीन आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी दहा लिटर होईपर्यंत. तुमच्यासाठी अर्धा लिटर काढून देतो, म्हणजे आयसोप्रोपिल ३७५ मिली, पेरॉक्साइड २१ मिली, ग्लिसरीन ७ मिली, वर पाणी घालत घालत ५०० ची खूण. मेडिकलमधलं पेरॉक्साइड बऱ्याचदा ६ टक्क्यांचं असतं, बाटली बघा, तसं असेल तर १०-११ मिलीच घ्या. माप बाळाच्या औषधाच्या कपाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने. अंदाजपंचे दाहोदरसे नको, ही आमटी नाही. झाकण लावून हलवा आणि ७२ तास बाजूला ठेवून द्या, मगच वापरा. पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नसतंच, बाटलीत किंवा पाण्यात काही बीजाणू राहिले असतील तर ते मरावेत म्हणून असतं आणि त्याला वेळ लागतो. ग्लिसरीन फक्त हात फुटू नयेत म्हणून, जास्त घातलं की तुमच्या त्या गुळाच्या पाकासारखं होतं.

कोणी म्हणेल ९९ टक्के सरळ लावलं तर जास्त चांगलं. नाही. ते भुर्रकन उडतं, आणि प्रोटीन मोडायला पाण्याची सोबत लागते. ७५ लाच काम होतं.

आणि कॅन घरी आणू नका! दोन खोल्यांत एका बाजूला गॅस, एका बाजूला देवापुढचं निरांजन. याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते आणि साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते. ५ एप्रिलला दिवे लावायचे होते तेव्हा हाताला सॅनिटायझर लावून काडी ओढू नका असं सरकारने सांगितलं होतं, आठवतंय ना. भावाकडून काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटलीत ४०० मिली आणा, खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून मिसळा. पाण्याच्या बिसलरीच्या बाटलीत तर भरूच नका, घरात मुलं असतील.

---

ढोबळी_मिरची | २२ एप्रिल, सकाळी ९.१५

काका एकदम कडक. मी प्रिन्सेस स्ट्रीटला फोन लावले होते लॉकडाऊनच्या आधी, ग्लिसरीनच संपलं होतं सगळीकडे. लोकांनी काय काय जमवलंय देव जाणे.

बरं ताई, नवऱ्याला एन९५ कशाला, त्याला सुती कापडी मास्क द्या, एन९५ नणंदेला राहू दे. आम्ही परळच्या चाळीत, मी जुन्या सुती धोतराचे आणि एका बेडशीटचे मिळून बावीस शिवले, मजल्यावर वाटले. आता ८ तारखेपासून महापालिकेने मास्क सक्तीचाच केलाय तर पटापट गेले. धुवायचं कसं तर केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने घरगुती मास्कचं एक पुस्तकच काढलंय, त्यात आहे की साबण आणि कोमट पाण्याने धुवून पाच तास कडक उन्हात वाळवा. आता आमच्या चाळीत पाच तास ऊन म्हणजे स्वप्न, समोर टॉवर उभा राहिल्यापासून साडेदहा ते सव्वाअकरा एवढंच. पण त्याच पुस्तकात पुढे लिहिलंय ऊन नसेल तर कुकरमध्ये पाण्यात घालून दहा मिनिटं प्रेशरला ठेवा, पाण्यात थोडं मीठ. कुकर नसेल तर पंधरा मिनिटं उकळा. किंवा धुवून वाळवून पाच मिनिटं गरम इस्त्री.

मी जुना तीन लिटरचा कुकर ठेवलाय त्याला. पहिल्या दिवशी शिट्ट्या झाल्या तर शेजारच्या आजी विचारायला आल्या काय गं एवढ्या दुपारी मटण का, अन् वास कसा नाही. झाकण उघडून दाखवलं तर त्या तशाच मागे फिरल्या, आता त्यांचे पण चार मास्क माझ्याच कुकरात असतात.

पण हे फक्त कापडाला!! एन९५ कुकरात घालू नका.

---

वरणफळं | २२ एप्रिल, दुपारी १.०५

काका खूप खूप आभार, लेबलचा फोटो मागवलाय भावाकडून. ढोबळी मिरची, कुकरची आयडिया आजच करते.

पण एन९५ चं राहिलंच. धुतलेला तो मास्क ती उद्या घालून जाणार आहे. कोणी सांगेल का?

---

रात्रपाळी | २२ एप्रिल, दुपारी ३.४०

मी पण नर्सच, अठरा वर्षं. ताई तुमच्या नणंदेला सांगा तो धुतलेला मास्क घालू नको, सरळ टाक. दिसायला मास्क आहे, काम गेलंय त्याचं.

मला पण आधी वाटायचं की एन९५ म्हणजे बारीक चाळणी, भोकं एवढी लहान की विषाणू जात नाही. तसं नसतं. आतला मधला थर असतो तो पॉलिप्रॉपिलीनच्या एकदम बारीक धाग्यांचा आणि त्या धाग्यांवर विजेचा भार भरलेला असतो, कारखान्यातच. लोकरीचा स्वेटर काढताना केस उभे राहतात ना, त्या जातीची वीज. कण जवळून गेला की तो धाग्याला ओढून चिकटवतो. म्हणूनच एवढा जाड फिल्टर असून श्वास घेता येतो. साबण लागला, स्पिरिट लागलं, सॅनिटायझरचा फवारा मारला की तो भार उतरतो. आमच्या वॉर्डात एक सिस्टर ड्युटी संपली की मास्कवर आत-बाहेर स्पिरिट मारायची, फार मनापासून, आणि आम्ही सगळ्या म्हणायचो किती स्वच्छ आहे ही. आता आठवलं की पोटात कालवतं.

मग करायचं काय, तर काहीच करायचं नाही, मास्कला आराम द्यायचा. हा भाराचा फिल्टर ज्यांनी शोधला ते पीटर त्साय म्हणून अमेरिकेतले शास्त्रज्ञ आहेत, ते पण हेच सांगतायत की चार-पाच मास्क ठेवा आणि पाळीपाळीने वापरा. अमेरिकेच्या सीडीसीनेही, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेही, तसंच दिलंय, पाच मास्क, प्रत्येकाला कागदी पिशवी, एक घातला की त्याची पाळी परत पाच दिवसांनी. प्लास्टिकची पिशवी नाही, आपल्या मुंबईच्या घामात तो आत ओलाच राहतो आणि कुबट होतो. एक मास्क जास्तीत जास्त पाच वेळा चढवायचा. दरवेळी घातल्यावर दोन्ही हात वर ठेवून जोरात श्वास सोडून बघायचं, कडेने हवा येत असेल तर बाद. इलॅस्टिक सैल झालं, ओला झाला, रक्त लागलं, किंवा नळी टाकताना वगैरे पेशंटच्या तोंडाजवळ काम केलं असेल तर पिशवीबिशवी नाही, डायरेक्ट हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या बॅगेत.

आता दोन मास्कमध्ये पाच दिवसांची पाळी कशी लावायची हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नाही लागत. ते गणित घरी सुटणारं नाही, तिने वॉर्डातल्या सगळ्यांना घेऊन मेट्रनकडे लेखी मागितलं पाहिजे, तोंडी नाही, लेखी. आम्ही अकरा जणींनी सह्या करून दिलं तेव्हा आम्हाला महिन्याचे पाच एकदम मिळाले. कमीच आहेत, पण पाळी लावता येते.

---

टेस्टर_स्क्रूड्रायव्हर | २२ एप्रिल, संध्या. ६.२२

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, बॉक्स बनवा की. मी बनवतोय, जुन्या वॉटर प्युरिफायरची यूव्ही ट्यूब, पत्र्याचा डबा, आतून ॲल्युमिनियम फॉइल. पाणी नाही केमिकल नाही. पाचशे रुपयात काम. नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं.

---

रसायनकाका | २२ एप्रिल, संध्या. ७.५०

दादा, मायक्रोवेव्ह तर नकोच, नाकाच्या पट्टीत धातू आहे, ठिणग्या उडतील आणि मास्क वितळेल.

यूव्हीची कल्पना चूक नाही, परदेशात हॉस्पिटलं करतायत. पण ते मीटर लावून करतात, मास्कच्या प्रत्येक भागावर किती डोस पडला ते मोजून. तुमच्या डब्यात जिथे सावली पडली, घडी पडली, पट्ट्याच्या खाली, तिथला विषाणू मजेत. प्युरिफायरची ट्यूब २५४ नॅनोमीटरची असते, ती निदान खऱ्या जातीची आहे, पण काही जण नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली मास्क ठेवतायत त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि डबा चालू असताना झाकण उघडून बघू नका चाललंय का म्हणून. वेल्डिंग बघितल्यावर डोळ्यात रात्री वाळू जाते तसं होतं, तेच आहे ते.

ओव्हनबद्दल पण कोणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच. ७० अंशाला ३० मिनिटं कोरडी उष्णता दिली तर फिल्टर टिकतो असं प्रयोगशाळेत दिसलंय, पण घरच्या ओटीजीचा काटा ७० म्हणतो तेव्हा आत ९५ पण असू शकतं, आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या नानकटाई. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पण तसंच, अमेरिकेत मार्चअखेर मान्यता मिळाली ती त्याच्या वाफेला, बंद खोलीत, यंत्राने. मेडिकलमधली बाटली मास्कवर शिंपडणं म्हणजे ते नव्हे.

---

शंकासूर | २२ एप्रिल, रात्री ९.१८

रात्रपाळी ताई, तुमचा मान ठेवून विचारतो. प्लास्टिकवर विषाणू ७२ तास टिकतो हे वाचलं होतं मी पण, पण याच महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय मासिकवाल्यांच्या एका नियतकालिकात हाँगकाँगवाल्यांनी छापलंय की सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर सातव्या दिवशी पण थोडा जिवंत विषाणू सापडला. मग पाच दिवस पिशवीत ठेवून काय उपयोग?

---

रात्रपाळी | २३ एप्रिल, पहाटे ५.३०

बरोबर प्रश्न आहे. आत्ता ब्रेकमध्ये टाईप करतेय.

त्यांनी मास्कवर मुद्दाम भरपूर विषाणू टाकला होता, आणि सातव्या दिवशी उरला तो मूळच्या हजारात एकाच्या आसपास. म्हणजे पाच दिवसांत तो शून्य होतो असं मी म्हणत नाही, खूप कमी होतो. म्हणून पिशवीतून काढलेला मास्क पण मी वापरलेलाच धरते. पुढच्या भागाला हात लावायचा नाही, फक्त पट्टे धरायचे, आधी हात धुवायचे, घातला की परत धुवायचे. नवीन मास्क मिळत असेल तर कोणी पिशव्या मांडत बसणार नाही हो. ज्यांच्याकडे नवीन नाही त्यांच्यासाठी धुण्यापेक्षा हे बरं. तुमच्याकडे असेल एखादा खोका तर पाठवा, पत्ता देते :)

---

सेक्रेटरी_बी_विंग | २३ एप्रिल, सकाळी १०.०२

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीच्या गेटवर हायपोक्लोराइटचा (ब्लीचच्या पाण्याचा) फवारा मारणारा बोगदा बसवायचा ठराव आलाय, दूधवाला, कामवाली (येईल तेव्हा), सगळ्यांनी त्यातून जायचं. मी एकटा नको म्हणतोय. कोणी मुद्दे देईल का?

---

रसायनकाका | २३ एप्रिल, सकाळी १०.४०

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिललाच पत्रक काढलंय, माणसांवर जंतुनाशक फवारू नका म्हणून. ते छापून नोटीस बोर्डावर लावा, वाद मिटेल. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रास होतो, आणि श्वासातून आत गेलेल्या विषाणूला बाहेरचा फवारा काय करणार.

हायपोक्लोराइट लिफ्टची बटणं, रेलिंग, गेटची कडी यांना वापरा. ५ टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, कापडाने पुसायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं. रोज ताजं करा. आणि सफाईवाल्या दादांना स्पष्ट सांगा की संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते एका बादलीत मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. जास्त जोरदार होईल म्हणून मिसळणारे लोक मी बघितलेत.

---

ढोबळी_मिरची | २३ एप्रिल, सकाळी ११.२६

कामवाली बोगद्यातून आणि सोसायटीचे मेंबर गाडीतून काचा वर करून, असंच ना? ठरावाला माझ्याकडून पण विरोध, मी तुमच्या सोसायटीत राहत नसले तरी.

---

वरणफळं | २३ एप्रिल, रात्री १०.५५

अपडेट देते.

भावाने फोटो पाठवला, लेबल स्वच्छ आहे, ९९.८ टक्के. नवऱ्याने ब्रँचवरून येताना ४०० मिली आणलं, ग्लिसरीन घरात होतं पायांच्या भेगांसाठी आणलेलं, पेरॉक्साइड नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळालं आणि काका म्हणाले तसंच निघालं, ६ टक्क्यांचं! अर्धा लिटर केलं, गॅस बंद, खिडकी उघडी, सासूबाईंनी निरांजन स्वतःच विझवलं पण तासभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बाटलीवर मोठ्या अक्षरात विष लिहिलंय आणि रविवार रात्र असं पण, म्हणजे ७२ तासांआधी कोणी हात लावणार नाही.

नणंदेला रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी चिडली की मी नर्स आहे की तू. मग स्पिरिटवाल्या सिस्टरचं वाचून गप्प बसली, कारण म्हणे आम्ही सगळ्या तेच करतो. धुतलेला मास्क टाकला. आज वॉर्डात सात जणींच्या सह्या झाल्या, दोघी घाबरतायत. उद्या देणार आहेत पत्र.

वाण्याकडून खाकी कागदाच्या पिशव्या आणल्या पाच, सोमवार ते शुक्रवार लिहून पोटमाळ्याच्या खिळ्यांना लटकवल्यात, पंख्याचा वारा लागेल अशा. सध्या त्यातल्या चार रिकाम्याच आहेत. रात्रपाळी ताई, एकच विचारायचं राहिलं, पिशवीचं तोंड दुमडून बंद करायचं की उघडं ठेवायचं? पोटमाळ्यावर झुरळं आहेत.

---

रात्रपाळी | २४ एप्रिल, सकाळी ८.१२

सैलसर दुमडा आणि लाकडी चिमटा लावा. एक पिशवी एकाच मास्कला, आणि मास्क बाद झाला की पिशवी पण बाद. पत्राची एक कॉपी शिक्का मारून परत घ्यायला सांगा तिला, विसरू नको म्हणावं.